तळटीप : धूपप्रतिबंधक बांधकामे

* किनाऱ्याला समांतर बांधलेली दगडी भिंत मागची जमीन राखते, पुढची पुळण नव्हे. काटकोनात समुद्रात शिरणारे बांध किनाऱ्यालगत सरकणारी वाळू अडवतात. एका बाजूला पुळण रुंदावते, दुसरीकडची उपाशी राहते. पुदुच्चेरीत १९८०च्या दशकाअखेरीस बंदरासाठी असे बांध झाले. तिथे वाळूचा वार्षिक ओघ मुख्यतः दक्षिणेकडून उत्तरेकडे असल्याने दक्षिणेला भर पडली, उत्तरेला शहरासमोरची पुळण गेली. मग दगड टाकले, तर धूप आणखी उत्तरेच्या कोळीवाड्यांकडे सरकली. २०१८मध्ये पाण्याखाली कृत्रिम खडक उभारल्यावर काही भागात वाळू परतली. किनाऱ्याचा एक तुकडा वाचवताना शेजारच्या गावाचा हिशेब आधी मांडायलाच हवा. — संपा.