वणवा विझवायचा की लावायचा? अमेरिकेला शंभर वर्षांनी मिळालेला धडा

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या मंडळींना ९ सप्टेंबर २०२० ची सकाळ आठवत असेल. सॅन फ्रान्सिस्को आणि आसपासच्या गावांत त्या दिवशी नीट उजाडलंच नाही. आकाश नारिंगी झालं होतं आणि दिवसाढवळ्या घरात दिवे लावावे लागत होते. त्या वर्षी कॅलिफोर्नियात चाळीस लाख एकरांहून जास्त क्षेत्र जळालं.

अमेरिकेसारखा श्रीमंत देश. विमानं, हेलिकॉप्टर, हजारो प्रशिक्षित जवान हाताशी. तरी वणवे का आवरत नाहीत? याचं उत्तर शंभर वर्षांच्या इतिहासात आहे आणि त्याचा आपल्या फुफ्फुसांशी जवळचा संबंध आहे.

१९१० ची जखम

अमेरिकेचं वन खातं १९०५ मध्ये सुरू झालं. पाचच वर्षांनी, २० आणि २१ ऑगस्ट १९१० ला, आयडाहो आणि मोंटाना राज्यांतल्या डोंगरांत सोसाट्याच्या वाऱ्याने अनेक लहानमोठ्या आगी भडकून एक झाल्या. दोन दिवसांत सुमारे तीस लाख एकर जंगल गेलं. ऐंशीहून जास्त माणसं दगावली. त्यांतली बहुतेक आग विझवायला गेलेली होती. एड पुलास्की नावाच्या वनरक्षकाने सुमारे चाळीस जणांना एका खाणीच्या बोगद्यात नेलं आणि त्यांतले बहुतेक वाचले. स्वतः पुलास्कीच्या डोळ्यांना आणि फुफ्फुसांना मात्र इजा झाली.

या नव्या खात्याच्या मनात आगीची धास्ती बसली. आग म्हणजे शत्रू, ती दिसली की विझवायची, हे ठरून गेलं. १९३५ मध्ये तर नियमच झाला: आज लागलेली आग उद्या सकाळी दहाच्या आत आटोक्यात आली पाहिजे. १९४४ पासून ‘स्मोकी’ नावाचं टोपीवालं अस्वल पोस्टरांवरून लोकांना वणव्यापासून सावध करू लागलं. पुढे विमानं आली आणि नियम पाळणं आणखी सोपं झालं.

चूक कुठे झाली?

पश्चिम अमेरिकेतल्या पाइनच्या कोरड्या जंगलांत दर काही वर्षांनी लहान आग लागायची. ती जमिनीलगत फिरायची. वाळकं गवत, पानांचा थर आणि दाटीने उगवलेली रोपं जळून जायची. मोठ्या झाडांची साल जाड असल्यामुळे ती टिकायची. जुन्या झाडाच्या बुंध्यात वर्षागणिक वाढणारी वलयं असतात आणि त्यांवर आगीचे व्रण राहतात. ते मोजून शास्त्रज्ञांनी शेकडो वर्षांतल्या आगींचा हिशेब मांडला.

यांतल्या कितीतरी आगी माणसांनीच लावलेल्या होत्या. कॅलिफोर्नियातले कारुक आणि युरोक लोक पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जागी, ठरावीक वेळी जंगल जाळत. टोपल्यांसाठी सरळ फांद्या मिळाव्यात, हरणांना चारा मिळावा, ही त्यामागची कारणं. १८५० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने कायदा करून असं जाळणं शिक्षेस पात्र ठरवलं.

लहान आगी बंद झाल्या आणि जळण साठत गेलं. रोज वेदनाशामक गोळी घेऊन आजार दाबून ठेवावा आणि आत तो वाढत राहावा, तसंच हे झालं.

हे ओळखणारे लोक त्या काळीही होते. हॅरॉल्ड वीव्हर यांनी १९४३ मध्येच पाइनच्या जंगलाला आगीची गरज असल्याचं लिहिलं. बर्कलीचे प्राध्यापक हॅरॉल्ड बिसवेल नियंत्रित आगीचा आग्रह धरत राहिले आणि त्याबद्दल टीका सोसत राहिले. १९६० च्या दशकात सिकोया या महाकाय वृक्षांच्या अभ्यासातही तेच दिसलं. आगीच्या उष्णतेने त्यांची फळं उघडतात आणि जळून मोकळ्या झालेल्या मातीत बी रुजतं. आगच नसेल, तर रोपं जवळपास दिसत नाहीत. १९६८ मध्ये राष्ट्रीय उद्यानांनी आपलं धोरण बदललं आणि १९७८ मध्ये वन खात्यानेही ‘सकाळी दहा’चा नियम सोडला.

धोरण बदललं, पण हवामानही बदललं

तोवर साठलेलं जळण जंगलात तसंच होतं आणि जंगलाच्या कडेला घरंही उभी राहिली होती. त्यात तापमान वाढलं. उष्ण हवा झाडापाल्यातला ओलावा शोषून घेते, बर्फ लवकर वितळतं, कोरडे दिवस वाढतात. २०१६ च्या एका अभ्यासानुसार १९८४ ते २०१५ या काळात पश्चिम अमेरिकेत जळालेलं जंगल हवामानबदलामुळे जवळपास दुप्पट झालं. २०१८ मध्ये पॅराडाइज नावाचं गाव वणव्यात बेचिराख झालं. त्या आगीत ८५ माणसं गेली.

आता धुराबद्दल

वणव्याच्या धुरातला मुख्य धोका म्हणजे पीएम २.५ हे अतिसूक्ष्म कण. केसाच्या जाडीपेक्षा ते कितीतरी बारीक असतात, म्हणून फुफ्फुसांत खोलवर पोहोचतात. त्यांमुळे दमा उसळतो, सीओपीडी बळावतो आणि हृदयविकाराच्या रुग्णांनाही त्रास होतो. जून २०२३ मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर शेकडो किलोमीटर प्रवास करून न्यूयॉर्कला पोहोचला होता.

नियंत्रित आगीचाही धूर होतोच आणि दमेकऱ्याला तोही सोसत नाही. पण ती आग वारा आणि ओलावा पाहून लावली जाते, धूर थोडा असतो आणि लोकांना आधी कळवता येतं. मोठा वणवा यातली कुठलीच सवलत देत नाही. म्हणून डॉक्टर म्हणूनही मला पहिला पर्याय पटतो.

तुम्ही किंवा तुमचे आईवडील अशा भागात जाणार असाल, तर हे लक्षात ठेवा:

- आकाशाच्या रंगावर जाऊ नका, हवेच्या गुणवत्तेचा आकडा पाहा. त्या नारिंगी दिवशी बराचसा धूर उंचावर होता. जमिनीलगतची हवा नंतरच्या दिवसांत जास्त बिघडली.
- धूर असेल तेव्हा खिडक्या बंद ठेवा. घरात उदबत्ती, धूप लावू नका.
- ओला रुमाल हे कण अडवत नाही. घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरा.
- इन्हेलर आणि नेहमीची औषधं पुरेशी न्या. बरं वाटतंय म्हणून ती बंद करू नका.
- छातीत दुखलं किंवा इन्हेलर घेऊनही धाप थांबली नाही, तर लगेच रुग्णालयात जा.

आपल्या डोंगरांचं काय?

हे वाचून कुणी सह्याद्रीत काडी लावू नये. आपलं वन खातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं. म्हणजे ठरावीक पट्टा जाळून साफ करतं, जेणेकरून आग पुढे सरकू नये. उपग्रहावरून आगीची सूचनाही आता वनकर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचते. पण चांगलं गवत येईल म्हणून भर उन्हात, वाऱ्यावर पेटवून दिलेला डोंगर ही वेगळी गोष्ट आहे. दरवर्षी असं जाळलं, तर नवी रोपं मोठी होतच नाहीत. आग कुठे, कधी आणि कुणी लावायची, हे औषधाच्या मात्रेसारखं आहे. ती जाणकाराने ठरवायची असते.