स्त्रियांमध्ये लघवीवर ताबा न राहणे : प्रमाण किती आणि धोका कोणाला?

खोकताना, हसताना किंवा ओझे उचलताना नकळत लघवी होणे, किंवा घाईची लागून संडासापर्यंत पोहोचण्याआधीच कपडे ओले होणे, याला मूत्र असंयम म्हणतात. हा त्रास स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा बराच जास्त आढळतो.

प्रकार

* दाबामुळे होणारा : खोकला, शिंक, हसू किंवा वजन उचलल्याने पोटातील दाब वाढतो आणि लघवी गळते.
* घाईचा : अचानक तीव्र लघवी लागते आणि थांबवता येत नाही.
* मिश्र : दोन्ही लक्षणे एकत्र असतात.

प्रमाण किती?

नॉर्वेत सुमारे २८ हजार स्त्रियांच्या पाहणीत (२०००) दर चौघींपैकी एकीला हा त्रास आढळला. त्यांतील निम्म्या जणींना दाबामुळे होणारा प्रकार होता.

महाराष्ट्रात या दुखण्यांभोवतीचे मौन डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या गडचिरोलीतील अभ्यासाने उघड केले. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन गावांतील ६५० स्त्रिया तपासल्या गेल्या. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, पण पूर्वी स्त्रीरोग तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. हा अभ्यास मूत्र असंयमापुरता नव्हता, मात्र न सांगितलेला आजार नोंदीत येत नाही, हे त्यातून दिसले.

धोका कशाने वाढतो?

* बाळंतपण : नॉर्वेतील त्याच पाहणीतील ६५ वर्षांखालील स्त्रियांमध्ये मूल न झालेल्यांत १०, फक्त सिझेरियन झालेल्यांत १६, तर नैसर्गिक प्रसूती झालेल्यांत २१ टक्के प्रमाण होते. म्हणजे सिझेरियनने धोका पूर्णपणे टळत नाही.
* वाढते वय, लठ्ठपणा आणि मधुमेह.
* जुनाट खोकला आणि बद्धकोष्ठता.
* अंग बाहेर येणे, गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया.
* लघवी वाढवणारी काही औषधे.

रायगड जिल्ह्यातील गागोदे बुद्रुकसारख्या (ता. पेण) गावात लावणी, लाकूडफाटा, पाण्याचे हंडे ही कामे बाईच्या वाट्याला येतात. ओझे उचलताना पोटातील दाब वाढतो, त्यामुळे आधीच स्नायू सैल झाले असतील तर त्रास अशा वेळी हमखास जाणवतो. एसटीचा प्रवास किंवा लग्नकार्य टाळणे, पाणीच कमी पिणे, हे मग नेहमीचे होते. पण पाणी फार कमी प्यायल्यास लघवी गडद होऊन मूत्राशयाला त्रास होऊ शकतो आणि बद्धकोष्ठताही वाढते.

उपाय

लघवी मध्येच रोखताना जे स्नायू आवळतात, तेच बळकट करायचे. एका वेळी किमान ८ वेळा आवळून सैल सोडणे, असे दिवसातून तीनदा, निदान तीन महिने करावे. व्यायाम लघवी करताना करू नये. वजन जास्त असल्यास ते कमी केल्यानेही फरक पडतो. घाईच्या प्रकारात लघवीच्या वेळा हळूहळू लांबवण्याचा सराव आणि औषधे, तर दाबाच्या प्रकारात गरज पडल्यास शस्त्रक्रिया, असे पर्याय आहेत.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावे?

लघवीत रक्त, तापासह जळजळ, पायांत बधिरपणा, किंवा अवघड बाळंतपणानंतर अथवा शस्त्रक्रियेनंतर सतत लघवी गळणे, अशा वेळी थांबू नये. एरवी सुरुवात गावातील आशाताईंशी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात बोलून करता येते. हा त्रास वयाबरोबर वाढत असला, तरी वयाचा अटळ भाग नाही.