१४. सुईची तपासणी

इलेक्ट्रोमायोग्राफी, म्हणजे ईएमजी. आपला अनुभव सांगणाऱ्या रुग्ण बाई ‘करंट दिला’ म्हणतात तो आधीच्या, नसांच्या तपासणीतला. सुई काहीच देत नाही. स्नायूची स्वतःची वीज टिपते. दंडात, मांडीत बारीक सुई घालून आधी ‘अंग सैल सोडा’ आणि मग ‘जोर लावा’ असे सांगतात. सैल सोडलेला निरोगी स्नायू गप्प असतो. दाह झालेला (मायोसायटिस) बहुधा तेव्हाही कुरकुरतो. यंत्राच्या स्पीकरमधून पत्र्यावरच्या पावसासारखी टपटप येते. जोर लावला की पडद्यावर तोकड्या, ठेंगण्या, अनेक टोकांच्या लाटा दिसतात. बोहान आणि पीटर यांच्या मायोसायटिसच्या १९७५ च्या पाच निकषांत ही चाचणी आहे, २०१७ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत नाही. तरीही दुखणे नसेचे की स्नायूचे, हे ठरवताना तिचा मोठा आधार वाटतो. केवळ तिच्यावर निदान मात्र करत नाहीत. सुईच्या जखमेनेही स्नायूत सूज दिसते, म्हणून तपासणीसाठी स्नायूचा तुकडा (बायोप्सी) दुसऱ्या बाजूचा काढतात. पुढे तुकड्यासाठी बाईंची डावी मांडी येते ती यामुळे. बाई ‘धुळ्याचं कॉलेज’ म्हणतात ते म्हणजे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय.