रिकामी कबर आणि समाधींचा मुलूख

बीड जिल्हा हा समाधींचा मुलूख आहे. अंबाजोगाईच्या डोंगरकुशीत आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे, तर त्याच गावी १६१५ साली देह ठेवलेल्या सर्वज्ञ दासोपंतांचीही समाधी आहे. आष्टी तालुक्यात सावरगावनजीक मायंबा येथे मच्छिंद्रनाथांच्या समाधीपुढे हजारो भाविक माथा टेकवितात. सत्पुरुष देह ठेवतो, परंतु त्याची कृपा त्या स्थानी नांदत राहते, ही श्रद्धा येथील मातीत खोलवर रुजलेली आहे. अशा मुलखात राहणारा ख्रिस्ती माणूस दरवर्षी पास्काच्या पहाटे एक निराळीच वार्ता ऐकतो. त्याच्या श्रद्धेच्या केंद्रस्थानीही एक कबर आहे, पण ती रिकामी आहे. या रिकाम्या कबरीचा अर्थ ख्रिस्तसभेने शतकानुशतके कसा लावला आणि आज बीडसारख्या जिल्ह्यात तो आपल्याला काय सांगतो, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रभूच्या पुनरुत्थानाची एक अत्यंत जुनी लिखित साक्ष संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आढळते. हे पत्र साधारणपणे इसवी सन ५५ च्या सुमारास लिहिले गेले. पंधराव्या अध्यायात पौल म्हणतो की, आपण जे सांगत आहोत ते आपल्यालाही इतरांकडून मिळालेले आहे. ख्रिस्त मरण पावला, त्याला पुरले गेले, तिसऱ्या दिवशी तो उठविला गेला आणि केफाला, बारा जणांना व पुढे पाचशेहून अधिक बंधूंना त्याने दर्शन दिले. यांपैकी पुष्कळ जण अद्याप हयात आहेत, असेही तो आवर्जून नमूद करतो. म्हणजे ही श्रद्धा घटनेनंतरच्या अगदी पहिल्या पिढीत, साक्षीदार जिवंत असतानाच, ठरीव शब्दांत एकाकडून दुसऱ्याकडे जात होती.

चारही शुभवर्तमानांत कबरीकडे प्रथम जाणाऱ्या स्त्रियाच आहेत. त्या काळच्या यहुदी समाजात न्यायासनापुढे स्त्रीच्या साक्षीला पुरुषाच्या साक्षीइतके मोल नव्हते. एखाद्याला ही कथा रचावयाचीच असती, तर त्याने असे साक्षीदार खचितच निवडले नसते. मरिया माग्दालेनेला संत थॉमस अक्वायनसने प्रेषितांची प्रेषित मानले. पुढे २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी २२ जुलै या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणाचा दर्जा दिला. जिच्या शब्दावर शिष्यांचाही प्रथम विश्वास बसला नाही, तिच्या साक्षीचा हा गौरव व्हावयास इतकी शतके लागली.

करिंथ येथील ख्रिस्ती लोकांची अडचण आपल्याला परकी वाटू नये. ग्रीक विचारात आत्म्याचे अमरत्व सहज पटण्याजोगे होते. देह म्हणजे आत्म्याचा तुरुंग, आणि मरण म्हणजे त्यातून सुटका, असे तेथील तत्त्वज्ञ शिकवीत. साहजिकच देह पुन्हा उठविला जाईल हे ऐकताच त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. आपल्याकडेही देह म्हणजे जुने वस्त्र, नाशिवंत माती, असे मानण्याची रीत आहे, आणि ख्रिस्ती घरांतील सांत्वनाच्या बोलण्यातही ती नकळत डोकावते. पौलाने मात्र आत्म्याच्या अमरत्वावर समाधान मानले नाही. जमिनीत पेरलेल्या दाण्याचा दृष्टान्त देऊन त्याने सांगितले की, जे पेरले जाते तेच नव्या रूपाने उगवते. या दृष्टान्ताचे मर्म बाजरी आणि ज्वारी पेरणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

संत योहानाने यात आणखी एक मोलाची गोष्ट नोंदविली आहे. पुनरुत्थित प्रभू थोमापुढे उभा राहिला तेव्हा त्याच्या हातांवर खिळ्यांचे वण होते आणि कुशीत भाल्याची जखम होती. गौरवाच्या देहावरून त्या खुणा पुसल्या गेल्या नव्हत्या. शिष्यांनी त्याला ओळखले ते त्या वणांवरून. देवाने उठविलेला देह हा राबलेला, मार खाल्लेला, भोसकलेला तोच देह होता, ही गोष्ट ख्रिस्ती श्रद्धेच्या मुळाशी आहे.

या श्रद्धेने इतिहासात काय घडविले ते पाहण्यासारखे आहे. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी स्मशानभूमीसाठी निद्रास्थान या अर्थाचा ग्रीक शब्द रूढ केला, कारण तेथे माणसे जागे होण्याच्या आशेने निजलेली आहेत, अशी त्यांची धारणा होती. रोममधील भुयारी दफनभूमींत गुलाम आणि धनिक शेजारी शेजारी विसावले. इसवी सन २५२ च्या सुमारास कार्थेज नगरीत महामारी पसरली, तेव्हा बिशप सिप्रियन यांनी आपल्या लोकांना आजाऱ्यांची सेवा करण्यास सांगितले, आणि त्या सेवेतून छळ करणाऱ्यांनाही वगळले नाही. चौथ्या शतकात संत बेसिल यांनी कैसरिया येथे रुग्ण व अनाथ यांच्यासाठी मोठे सेवाकेंद्र उभारले. जो देह पुन्हा उठविला जाणार आहे, तो रस्त्यावर टाकून देण्याजोगा नाही, असा त्यांचा साधा सरळ हिशेब होता.

यरुशलेम येथे सम्राट कॉन्स्टंटाइनने प्रभूच्या कबरीवर उभारलेले मंदिर इसवी सन ३३५ मध्ये अर्पण झाले. पौर्वात्य ख्रिस्ती लोक त्याला आजही पुनरुत्थानाचे मंदिर म्हणतात. हे मंदिर १००९ साली उद्ध्वस्त करण्यात आले आणि पुढे पुन्हा उभे राहिले. ऑक्टोबर २०१६ मध्ये जीर्णोद्धाराच्या वेळी कबरीवरील संगमरवरी फरशी काही तासांपुरती बाजूला करण्यात आली, तेव्हा खाली दिसला तो चुनखडीचा खडक. यात्रेकरू तेथे जातात ते कोणी तेथे निजले आहे म्हणून नव्हे, तर तेथे कोणी नाही म्हणून. समाधीपुढे नतमस्तक होणाऱ्या आपल्या शेजाऱ्याचा भक्तिभाव आपण आदराने पाहावा, पण आपली यात्रा कबरीपाशी संपत नाही, तेथून ती सुरू होते, हेही ध्यानात ठेवावे.

ही वार्ता मराठीत आली ती ओवीच्या पावलांनी. परंपरेनुसार मुकुंदराजांनी शके १११० मध्ये, म्हणजे ११८८ साली, विवेकसिंधू रचला आणि १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ज्या छंदात हे ग्रंथ आहेत, तोच ओवीछंद मूळच्या इंग्लंडच्या आणि १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी जवळ केला. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात प्रभूचे जीवन, मरण आणि पुनरुत्थान यांचे वर्णन आहे. दासोपंतांनी अंबाजोगाईत समाधी घेतली त्याच्या दुसऱ्याच वर्षी हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एकाच भाषेतील दोन भक्तिपरंपरा त्या काळी एकमेकींपासून फार दूर नव्हत्या.

मराठवाड्यात कॅथलिक मिशनचे काम निजामाच्या राजवटीत रुजले. १८८७ साली नागपूर धर्मप्रांताची स्थापना झाली आणि १८९२ साली घोगरगाव येथे फ्रान्सिस डी सेल्स यांच्या संघाच्या मिशनऱ्यांनी काम सुरू केले. पुढे १९५५ साली अमरावती आणि १९७७ साली औरंगाबाद हे स्वतंत्र धर्मप्रांत झाले. बीड जिल्हा आज याच औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. श्रद्धा स्वीकारणाऱ्यांत गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतील लोक बहुसंख्य होते. ज्यांच्या स्पर्शाचा आणि सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांना येथे प्रथमच सांगितले गेले की, तुझा हा देह पवित्र आत्म्याचे मंदिर आहे आणि तो गौरवाने उठविला जाईल. त्या काळी या एका वाक्यात केवढी क्रांती होती, याची कल्पना आज आपल्याला सहज येणार नाही.

उपासनेतही पुनरुत्थानाला त्याचे स्थान पुन्हा मिळण्यास वेळ लागला. पास्काचा जागर कित्येक शतके शनिवारी सकाळीच उरकला जात असे. १९५१ साली पोप पायस बारावे यांनी तो रात्री करण्यास परवानगी दिली आणि १९५५ साली पवित्र सप्ताहाची नवी रचना जाहीर झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात सांगितले की, अंत्यविधीतून ख्रिस्ती मरणाचे पास्काशी असलेले नाते अधिक स्पष्ट व्हावे. काळ्या वस्त्रांच्या जागी जांभळी व पांढरी वस्त्रे आली. त्याच वर्षी दहनावरील जुनी बंदी शिथिल झाली. २०१६ साली रोमने पुन्हा स्पष्ट केले की, ख्रिस्तसभा दफनाला प्राधान्य देते, दहनास हरकत घेत नाही, मात्र रक्षा विखुरली जाऊ नये आणि ती पवित्र स्थळी जपली जावी. येथेही आग्रह आहे तो देहाच्या सन्मानाचा.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. दिवाळी आटोपली की बीडमधील लक्षावधी माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती 'कोयत्या'वर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाई मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, पहाटे उठून भाकरी थापते, पण हिशेबात ती अर्धा कोयता असते. आजारपणात खाडा झाला तर दंड पडतो. २०१९ साली शासनाने नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीची आकडेवारी आली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढून टाकलेली होती. शंभरामागे जवळजवळ सतरा स्त्रिया! कित्येकींचे वय चाळिशीच्या आतले होते. कॅन्सरची भीती घातली जाणे, कर्ज काढून शस्त्रक्रिया करणे आणि पाळीचे दिवस खाड्याचे ठरू नयेत म्हणून शरीरच बदलून घेणे, अशा कहाण्या त्या आकड्यांमागे होत्या.

या आकड्यांपुढे पास्काची वार्ता काय सांगते? आत्मा अमर आहे एवढेच आपण मानत असलो, तर या स्त्रियांच्या देहाचे काय झाले याला फारसे महत्त्व उरत नाही, कारण देह जाणाराच आहे. पण देहाचे पुनरुत्थान ही आपली कबुली असेल, तर त्यांच्या पोटावरचा वण हा देवाच्या दृष्टीने किरकोळ तपशील राहत नाही. ज्याच्या कुशीतील जखम गौरवातही मिटली नाही, त्याला तो वण ओळखता येतो. आणि जो वण देव ओळखतो, तो कोणी केला हे विचारण्याचे कर्तव्य त्याच्या लोकांवर येते. न्याय मागणे हे पुनरुत्थानावरील श्रद्धेला जोडलेले वेगळे समाजकार्य नव्हे. ते त्या श्रद्धेतूनच निघते, जसे कार्थेजमधील शुश्रूषा निघाली होती.

पास्काचा सण २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान येतो. गळीत हंगाम संपून टोळ्या गावी परतण्याचे हेच दिवस. महिनोन्‌महिने पाचटाच्या खोपीत काढलेली माणसे बैलगाड्यांतून, ट्रॅक्टरांतून घरी येतात. आपल्या धर्मग्रामांनी या परतीची दखल घ्यावी. परतणाऱ्या स्त्रियांची आरोग्य तपासणी, शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला मिळवून देणे, आईबापांमागे राहिलेल्या मुलांची शाळा न तुटू देणे, उचलीच्या हिशेबाचा कागद वाचून दाखविणे, ही कामे लहान आहेत, पण ती देहाची कामे आहेत. त्यांत जातिधर्माचा भेद करण्याचे कारण नाही, कारण उठविला गेलेला ख्रिस्त सर्वांसाठी मेला.

त्या पहिल्या पहाटे स्त्रिया सुगंधी द्रव्ये घेऊन कबरीकडे निघाल्या तेव्हा धोंड कोण लोटील हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. उत्तर ठाऊक नसतानाही त्या निघाल्या. बीडच्या उन्हातही धोंडी पुष्कळ आहेत. पुनरुत्थानावर विश्वास ठेवणाऱ्याने त्या मोजत घरी बसावयाचे नसते. त्याने हाती असेल ते घेऊन निघावयाचे असते.