तळटीप १४ : मुस्लिम मुलूख, मद्य आणि पाहुण्याची रीत

१४. शिरूर अनंतपाळचा परिसर १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकर्ता मुस्लिम असूनही शिंदी आणि दारूवरचा आबकारी महसूल हा तिजोरीचा मोठा आधार होता. त्यावर घाव घालण्यासाठीच निजामाविरुद्धच्या १९४७ च्या लढ्यात सत्याग्रहींनी शिंदीची झाडे तोडली. म्हणून ‘मुस्लिम मुलूख म्हणजे सरसकट दारूबंदी’ असे वाचकाने धरून चालू नये. आजही देशागणिक कायदा बदलतो. कुवेतमध्ये मद्याला बंदी आहे. संयुक्त अरब अमिरातीत शारजात बंदी आहे, तर लगतच्या दुबईत २१ वर्षे पूर्ण झालेल्या बिगरमुस्लिम पाहुण्याला परवाना असलेल्या हॉटेलात पिता येते. मात्र रस्त्यावर पिणे, झिंगून गोंधळ घालणे आणि पिऊन गाडी चालवणे तिथेही गुन्हाच आहे. लातूर-नांदेडकडून आखातात जाणाऱ्याने मुक्कामाच्या ठिकाणचा नियम आधी विचारून घ्यावा.

कायदा पाळला म्हणजे मान राखला, असे होत नाही. मुस्लिम यजमानाला वा सोबत्याला आग्रह करू नये, त्याला भेट म्हणून बाटली देऊ नये, रमजानमध्ये रोजा धरलेल्यांचे भान ठेवावे. महाराष्ट्रातही १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे, पिण्यासाठी परवाना लागतो आणि वर्धा, गडचिरोलीत तर दारूबंदीच आहे. तिथे जाणाऱ्याकडून आपण जो संयम अपेक्षितो, तोच परमुलखात आपण पाळावा.