कँडिड, कंदील आणि हरिश्चंद्र

लग्नाच्या छायाचित्रांचे दर सांगताना 'ट्रॅडिशनल' आणि 'कँडिड' असे दोन रकाने करण्याची पद्धत आता पुण्यापासून भोपाळपर्यंत रुळली आहे, आणि रस्त्यावरच्या माणसांना त्यांच्या नकळत टिपणारे हौशी लोकही आपल्या कामाला हाच शब्द लावतात. कँडिड म्हणजे बेसावध क्षणी, मुद्दाम उभे न करता घेतलेले, हा अर्थ मराठी बोलण्यात पक्का झाला आहे. परंतु या शब्दाच्या मुळाशी नकळतपणाचा लवलेशही नाही. तिथे आहे तो उजेड. त्याहून नवलाची गोष्ट अशी की ज्या धातूपासून हा शब्द निघाला, त्याच धातूची आणखी दोन लेकरे मराठीत फार पूर्वीपासून नांदत आहेत: एक दिवाळीला दारावर टांगले जाते आणि दुसरे आकाशात उगवते.

लॅटिन भाषेत 'कंदेरे' म्हणजे झळकणे, पांढरेशुभ्र दिसणे. त्यावरून 'कंदिदुस' म्हणजे शुभ्र. रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा माणूस आपला झगा खडूने घासून पांढराफेक करीत असे, म्हणून तो 'कंदिदातुस', आणि इंग्रजीतला कँडिडेट हा त्याचाच वारस. इंग्रजीत कँडिड शब्द सतराव्या शतकात आला तेव्हा त्याचा पहिला अर्थ पांढरा असाच होता; पुढे निष्कलंक, मग निःपक्षपाती, मग मोकळ्या मनाचा आणि शेवटी स्पष्टवक्ता असा तो अर्थ सरकत गेला. याच 'कंदेरे'पासून 'कंदेला' म्हणजे मेणबत्ती हा शब्द झाला, तो ग्रीकमध्ये गेला, ग्रीकमधून अरबीत 'किंदील' झाला, फारसीच्या वाटेने हिंदुस्थानात आला आणि मराठीत कंदील म्हणून स्थिरावला. मशिदीत टांगलेला कंदील आणि मराठी घरावरचा आकाशकंदील ही एकाच शब्दाची दोन घरे आहेत, आणि भोपाळसारख्या शहरात ती दोन्ही एकाच संध्याकाळी पाहायला मिळतात. इथपर्यंतचा प्रवास निर्विवाद आहे.

वाद सुरू होतो तो चंद्रापाशी. तौलनिक भाषाशास्त्राच्या, म्हणजे सगोत्र भाषांची रूपे ताडून त्यांचे मूळ शोधणाऱ्या शास्त्राच्या मते, संस्कृतातला 'चंद्र' आणि लॅटिनमधला 'कंदेरे' हे एकाच मूळ धातूचे आहेत. चंद्र म्हणजे मुळात झळकणारा. आकाशातला गोल हा त्याचा नंतर रूढ झालेला अर्थ. परंपरेतले स्पष्टीकरण वेगळे आहे: चंद्र आल्हाद देतो म्हणून तो चंद्र. मात्र धातुपाठात या धातूला आल्हाद आणि दीप्ती असे दोन्ही अर्थ दिलेले असल्याने, इथे परंपरा आणि भाषाशास्त्र यांच्यात अंतर दिसते तेवढे नाही.

खरा पेच एका लहानशा 'श'चा आहे, आणि तो प्रत्येक मराठी माणूस न अडखळता उच्चारतो: हरिश्चंद्र. 'हरि' आणि 'चंद्र' यांचा समास करायचा तर हरिचंद्र व्हायला हवे. मधला श् आला कुठून? पाणिनीने याचे उत्तर नियमाने दिले. मंत्रभाषेत ऱ्हस्व स्वरानंतर 'चंद्र' शब्द आला की मध्ये एक वर्ण आगम म्हणून, म्हणजे बाहेरून येऊन बसणारा, मानावा; आणि हरिश्चंद्र या ऋषिनामासाठी त्याने वेगळे सूत्र केले. भाषाशास्त्रज्ञांचे उत्तर याच्या नेमके उलट आहे. त्यांच्या मते तो श् बाहेरून आलेला नाही, तो मुळातच तिथे होता. शब्द 'श्चंद्र' असाच होता, पुढे सुटा वापरताना आरंभीचा श् गळाला आणि जुन्या समासांच्या आडोशाला तेवढा टिकून राहिला. सुश्चंद्र, पुरुश्चंद्र, विश्वश्चंद्र ही वैदिक रूपे याच मालिकेतली आहेत, आणि ऋग्वेदात हरिश्चंद्र हे राजाचे नाव नसून सोमाचे विशेषण आहे, त्याचा अर्थ सोनेरी झळकणारा.

या दोन पक्षांत दुसरा सरस ठरतो, आणि त्याचे कारण पाणिनीच्याच नियमात दडलेले आहे. आगम केवळ उच्चाराच्या सोयीसाठी असता तर तो बोलीतही हवा होता. तो फक्त मंत्रांत आणि एका प्राचीन नावात सापडतो, म्हणजे भाषेच्या सर्वांत जुन्या थरातच सापडतो. जी गोष्ट केवळ जुन्या थरात आढळते ती नवी घातलेली नसते, उरलेली असते. शिवाय ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात 'चनिश्चदत्' असे झळकण्याच्या अर्थाचे क्रियारूप आहे, तिथे 'चंद्र' हा शब्दच नाही आणि तरीही श् आहे. पाणिनीचा 'चंद्र' शब्दापुरता नियम त्याला लागू पडत नाही. त्या महान वैयाकरणाने समोर असलेल्या भाषेचे वर्णन अचूक केले, पण त्या वर्णाचे वय त्याच्या शास्त्राच्या कक्षेत नव्हते.

या मतातही एक फट आहे. 'क'चा संस्कृतात 'च' होण्यासाठी त्याच्यापुढे मूळचा 'ए'सारखा स्वर असावा लागतो, आणि लॅटिनमध्ये मात्र ठसठशीत 'अ' आहे. ही विसंगती स्वरांच्या अदलाबदलीने बहुधा लॅटिनच्याच अंगणात घडली असावी. संस्कृत रूप अधिक जुनाट आहे, एवढे मानले की ती बुजते. चंदन हा शब्द याच कुळात ओढण्याचा मोह मात्र आवरायला हवा, कारण तो द्राविड मूळाचा असल्याचे मत अधिक बळकट आहे. हरिश्चंद्राची साक्ष पुरेशी आहे, आणि तिला एक देखणी जोड आहे: गोध्र्याला छायाचित्रकाराचा व्यवसाय केलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ज्या चित्रपटाने भारतीय कथापटाचा पाया घातला, त्याच्या नावात कँडिडचा हा सर्वांत जुना भाऊबंद बसलेला होता.

आता कॅमेऱ्याकडे. भोपाळच्या छायाचित्रणाचा एक ठळक टप्पा १८६२ सालचा आहे, जेव्हा लेफ्टनंट जेम्स वॉटरहाउस याने मध्य हिंदुस्थानातल्या लोकांची छायाचित्रे घेण्याच्या सरकारी कामगिरीवर असताना नवाब सिकंदर बेगम आणि त्यांची कन्या शाहजहान बेगम यांची छायाचित्रे टिपली. ही चित्रे भारदस्त आहेत, पण कँडिड नाहीत, आणि असणे शक्यही नव्हते. ओल्या कोलोडिअनची पद्धत, म्हणजे काचेवर रसायनाचा थर देऊन तो सुकण्याआत चित्र घेऊन धुण्याची पद्धत, बसणाऱ्याकडून काही सेकंदांची निश्चलता मागत असे. शिवाय तो थर निळ्या प्रकाशालाच जागा होता. कंदिलाचा पिवळा उजेड त्याला जवळजवळ दिसतच नसे. पुढे १८७५च्या सुमारास याच वॉटरहाउसने इओसिन नावाचा लाल रंग मिसळून काचेला हिरव्या-पिवळ्या प्रकाशाची जाण देता येते हे दाखवून दिले. भोपाळच्या बेगमांना उन्हाच्या उजेडात स्थिर बसवणाऱ्या माणसानेच कंदिलाच्या उजेडाकडे जाणारी एक खिडकी उघडली, ही गोष्ट या कुळकथेत सोन्याच्या मोलाची आहे.

कँडिड आणि कॅमेरा यांची गाठ पडली १९३०च्या सुमारास लंडनमध्ये. बर्लिनचा एरिक सालोमन हा १८८६ साली जन्मलेला, कायद्याचे शिक्षण घेतलेला माणूस परिषदांत, न्यायालयांत आणि मेजवान्यांत मुत्सद्द्यांना बेसावध टिपत असे, आणि 'ग्राफिक' या लंडनच्या साप्ताहिकाने त्याच्या कामाला 'कँडिड कॅमेरा' हे नाव दिले. त्याच्या हातात ड्रेस्डेनच्या एर्नेमान कंपनीचा, १९२४ साली आलेला एर्मानॉक्स होता, ज्याच्या भिंगाचे तोंड एफ/२ इतके रुंद होते. एफ हा आकडा भिंगाचे नाभीय अंतर आणि त्याच्या तोंडाचा व्यास यांचे गुणोत्तर सांगतो. आकडा जितका लहान, तितके तोंड मोठे, आणि एफ/८च्या तुलनेत एफ/२ सोळापट उजेड आत घेतो. डोळ्याला जे दिसते त्याचे छायाचित्र घेता येते, अशा आशयाची त्या कॅमेऱ्याची जाहिरात होती. सालोमनचा शेवट १९४४ साली आउश्वित्झमध्ये झाला.

या नामकरणाबद्दल रूढ मत असे की साप्ताहिकाच्या संपादकाला कँडिडचा 'स्पष्टवक्ता' एवढाच अर्थ अभिप्रेत होता: खरे बोलणारा कॅमेरा. ते मत चुकीचे नाही, पण अपुरे आहे. माणसांना नकळत टिपणे ही सालोमनची नवलाई नव्हतीच. लंडनमध्ये पॉल मार्टिन याने १८९०च्या दशकात पुडक्यासारखा दिसणारा कॅमेरा काखेत धरून रस्त्यावरची माणसे टिपली होती, आणि त्याच माणसाने गॅसच्या दिव्यांत उजळलेल्या रात्रीच्या लंडनची प्रख्यात चित्रमालिकाही केली होती. परंतु त्याची बेसावध माणसे दिवसाची आणि त्याची रात्र दीर्घ उघडझापेची, ज्यात चालता माणूस उमटतच नाही. दोन्ही विद्या एकाच हातात होत्या आणि तरीही त्यांची गाठ पडली नाही, कारण मधे एफ/२चे भिंग नव्हते. सालोमनने ती गाठ मारली. झगमगाट करणारा फ्लॅशचा बल्ब जर्मनीत बाजारात आला तो १९२९ साली, म्हणजे अगदी त्याच वेळी, आणि सालोमनने तो रस्ता धरला नाही. खोलीत जो उजेड होता त्यावरच त्याने भागवले. ज्या कॅमेऱ्याला पहिल्यांदा कँडिड म्हटले गेले तो अंधुक उजेडात पाहणारा कॅमेरा होता. संपादकाला लॅटिन कंदिदुस आठवला असो वा नसो, शब्द आपल्या मूळ घरी परत आला होता.

बाकीचे टप्पे सर्वश्रुत आहेत: १९२५ साली बाजारात आलेला लायका, ब्रासाईचे रात्रीचे पॅरिस, कार्तिए-ब्रेसाँ, ट्राय-एक्स फिल्म आणि मग डिजिटल संवेदक.

मराठीने या कलेला दिलेले नाव मात्र दोन शब्द मागते. फोटोग्राफी म्हणजे प्रकाशलेखन. मराठीने पसंत केले ते छायाचित्र, सावलीचे चित्र. हा शब्द अनेकांना उलटा वाटतो, पण हेन्री फॉक्स टॅल्बट यानेही आरंभी आपल्या शोधाला 'स्किआग्राफी', म्हणजे सावलीचे रेखन, असे म्हटले होते, आणि ग्रीकमधला 'स्किआ' हा संस्कृत 'छाया'चा सख्खा नातलग आहे. टॅल्बटने सोडून दिलेले नाव मराठीने सांभाळले. अंधारात काम करणाऱ्याला तेच अधिक उपयोगाचे आहे.

त्याचा पडताळा जुन्या भोपाळमध्ये मिळतो. इतवारा, बुधवारा, जुमेराती अशी वारांची नावे मिरवणाऱ्या या वस्तीत दुकानांपुढच्या फळ्यांना, कट्ट्यांना पटिये म्हणतात, आणि रात्री उशिरापर्यंत त्यांवर बैठकी जमण्याची जुनी चाल आहे. दुकानातला दिवा बाजूने येतो. चहाच्या पेल्यावर वाकलेल्या माणसाचा एक गाल, नाकाचा शेंडा आणि भोपाळी पद्धतीच्या मीठ घातलेल्या चहाची वाफ एवढेच उजळते, बाकी सारे छाया. नवखा छायाचित्रकार ती छाया उजळवण्याच्या नादात उघडझाप लांबवतो, मग गाल पांढरा होऊन फुटतो आणि हात हलून चित्र पुसट होते. जाणत्याची रीत उलटी आहे: मोजमाप उजळलेल्या गालाचे घ्यायचे, सावलीला सावलीच राहू द्यायचे, भिंगाचा रोख आधीच दोन मीटरवर लावून ठेवायचा, कोपर बरगडीशी किंवा खांबाशी टेकवायचे आणि श्वास सोडताना कळ दाबायची. बैठकीतला माणूस सतत हलत नसतो. ऐकताना तो क्षणभर थांबतो, आणि तो थांबण्याचा क्षण ओळखणे हीच अंधुक उजेडातली अर्धी विद्या आहे.

चित्रात दिसणाऱ्या दाण्यांचा दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या माथी मारला जातो, पण त्याचे मुख्य कारण प्रकाशाच्या स्वभावातच आहे. प्रकाश कणाकणाने येतो आणि त्या कणांच्या संख्येत तिच्या वर्गमुळाइतका चढउतार असतो. एका बिंदूवर १०,००० कण पडले तर चढउतार १०० चा, म्हणजे १ टक्का, आणि १०० च पडले तर १० चा, म्हणजे १० टक्के. संवेदनशीलतेचा आकडा, म्हणजे आयएसओ, वाढवल्याने कण वाढत नाहीत. ते वाढतात मोठ्या तोंडाच्या भिंगाने, लांबलेल्या उघडझापेने किंवा दिव्याच्या जवळ सरकल्याने, आणि यांतला तिसरा उपाय फुकट आहे.

या कुळातली तीन भावंडे एकदा तराजूत घालून पाहावीत. पौर्णिमेचा चंद्र सूर्यापेक्षा सुमारे ४,००,००० पट मंद असतो. एफ/२ चे भिंग आणि ३२०० आयएसओ घेऊन भोपाळच्या मोठ्या तलावाच्या काठी केवळ चांदण्यात माणूस टिपायचा तर उघडझाप सुमारे २ सेकंदांची लागते, आणि २ सेकंद बेसावध माणूस स्थिर राहत नाही. त्याच भिंगाला, त्याच आकड्यावर, चौकातल्या दुकानाच्या दिव्याखाली सेकंदाचा साठावा भाग पुरतो.