सय्यद अब्दुल रहीम : हैदराबादचे फुटबॉलगुरू

भारतीय फुटबॉलच्या सुवर्णकाळाचे शिल्पकार म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, ते सय्यद अब्दुल रहीम व्यवसायाने शिक्षक होते. त्यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. उस्मानिया विद्यापीठातून पदवी घेतल्यावर त्यांनी शहरातील विविध शाळांतून अध्यापन केले. त्यामुळे ते अखेरपर्यंत 'रहीमसाहेब' याच नावाने परिचित राहिले. १९४३ साली हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिवपद त्यांच्याकडे आले.

१९५० पासून त्यांनी हैदराबाद सिटी पोलीस संघास प्रशिक्षण दिले. या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. दुबळ्या पायानेच खेळायचे, चेंडू घोळवायचा नाही, अशा अटी घालून ते स्पर्धा भरवीत. वैयक्तिक करामतीपेक्षा अचूक पासवर आधारलेला सांघिक खेळ रुजविणे, हा त्यामागील हेतू होता. तुळसीदास बलराम यांच्यासारखे खेळाडू त्यांच्याच नजरेने हेरले.

१९५१ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने इराणला १-० असे नमवून सुवर्णपदक पटकावले. मात्र पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून १-१० असा दारुण पराभव झाला. भारताचे अनेक खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले. रहीम यांनीही संघाची फेरमांडणी केली. चार वर्षांनी मेलबर्न येथे भारताने यजमान ऑस्ट्रेलियावर ४-२ असा विजय मिळविला व ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान गाठले. त्या सामन्यात तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा मूळचे गोव्यातील आसगावचे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताने फ्रान्सला १-१ असे बरोबरीत रोखले.

कारकिर्दीचा कळस १९६२ साली जकार्ता येथे झाला. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ अशी हार पत्करावी लागली होती. स्पर्धेतून इस्रायल व तैवान यांना वगळण्यावरून उद्भवलेल्या वादामुळे प्रेक्षकही भारताविरुद्ध खवळलेले होते. बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जखम झाल्यावर रहीम यांनी त्यांना आघाडीवर खेळविण्याचे धाडस केले. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांच्या गोलांच्या बळावर भारताने त्याच कोरियाला २-१ असे हरविले. या सुवर्णविजेत्या संघात कोलवाळचे फोर्तुनातो फ्रँको हेही होते. गोव्याची मुक्ती होऊन तेव्हा पुरते एक वर्षही लोटले नव्हते.

या यशानंतर अवघ्या नऊ महिन्यांत, ११ जून १९६३ रोजी कर्करोगाने रहीम यांचे निधन झाले. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली सुरू झाला. तोवर ते विस्मृतीत गेले होते. त्यांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम यांनीही पुढे फुटबॉलचीच सेवा केली. २०२४ मधील 'मैदान' या हिंदी चित्रपटामुळे नव्या पिढीला रहीम यांचा परिचय झाला.

१९७० च्या बँकॉक स्पर्धेतील कांस्यपदक वगळता आशियाई क्रीडास्पर्धांत भारतीय फुटबॉल संघास त्यानंतर पदक लाभलेले नाही. त्या कांस्यविजेत्या संघाच्या प्रशिक्षकांपैकी एक होते पी. के. बॅनर्जी, म्हणजे रहीमसाहेबांचेच शिष्य.